टाकाऊतून टिकाऊ नको, टाकाऊतून सुटं: चिप्सच्या पाकिटांचं ख्रिसमस ट्री

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बसमध्ये ऐकताना मापं लिहून घेता येत नाहीत, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून यावेळी आकडे वेगळे काढून दिलेत.)

डिसेंबर आलाय, सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा असं चाललंय, आणि बेकरीत प्लम केक दिसायला लागलेत. आज विषय आहे ख्रिसमस ट्री. विकत आणायचं नाही, घरातल्या फेकायच्या वस्तूंतून बनवायचं. पण थांबा, लगेच यूट्यूब उघडू नका. तिथे याचे हजारो व्हिडिओ आहेत. बाटल्या कापा, ग्लू गनने चिकटवा, वरून हिरवा स्प्रे मारा, चमकी टाका, झालं झाड. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. कुठलीही गोष्ट बनवताना "ही मागे कशी घ्यायची?" हा प्रश्न डोक्यात येतोच. या व्हिडिओंमध्ये तोच प्रश्न कुणी विचारत नाही. झाड २५ डिसेंबरला छान दिसतं, हे मान्य. पण जानेवारीत त्याचं काय होतं?

आजचा सगळा भाग त्या जानेवारीबद्दल आहे असं म्हणा हवं तर.

आधी थोडा इतिहास

आपल्याला वाटतं की नकली ख्रिसमस ट्री म्हणजे अलीकडचं खूळ. तसं नाहीये. घरात सूचिपर्णी झाड आणून सजवायची पद्धत मूळची जर्मन भाषिक प्रदेशातली. ती जगभर पसरली त्यात एका चित्राचा मोठा हात आहे. १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं. अल्बर्ट मूळचा जर्मन. आजच्या भाषेत सांगायचं तर ते चित्र व्हायरल झालं.

आणि त्याच १९व्या शतकात जर्मनीत नकली झाडंही बनायला लागली होती. कशाची? हंसाच्या पिसांची! पिसं हिरवी रंगवायची, तारेभोवती गुंडाळायची, की झाली फांदी. दरवर्षी कोवळी झाडं तोडून जंगलं उजाड होतायत, ही काळजी त्यामागे होती. म्हणजे "सणासाठी झाड तोडायचं का?" हा प्रश्न आपल्या पिढीने शोधलेला नाही.

पुढे १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक गावच्या एका कंपनीने चक्क अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी झाडं बाजारात आणली. ती तुफान खपली. पण त्यांच्यावर दिव्यांची माळ सोडायची सोय नव्हती. धातूचं झाड आणि त्यावर विजेची वायर, शॉक बसायची भीती. म्हणून खाली रंगीत फिरतं चाक ठेवून त्यातून झाडावर प्रकाश टाकायचे. हा शॉकचा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला नंतर लागणार आहे.

आज बाजारात जे हिरवं घडीचं झाड मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. आणि आपल्याकडे? वसईत, मुंबईच्या जुन्या गावठाणांत, गोव्यात, पुण्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या नाताळ साजरा होतोय. हिमालयातलं देवदार इथे कुठून येणार? मग किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी कुंडीत रोवायची. सुरूची पानं लांबून सूचिपर्णी वृक्षासारखीच दिसतात. शिवाय गवत, माती, कागद यांचा गोठा, आणि दाराबाहेर बांबूच्या कामट्या नि पतंगी कागदाची चांदणी. म्हणजे हाताशी आहे त्यातून सण उभा करायचा, हे आपल्याकडे आधीपासून होतंच.

चाळीस हजार बाटल्यांचं झाड

टाकाऊ वस्तूंच्या झाडाचं जगभर गाजलेलं उदाहरण लिथुआनियातल्या कौनास शहराचं. २०११ साली तिथल्या चौकात जोलांटा श्मिडटिएने या कलाकार बाईंनी सुमारे ४० हजार प्लास्टिकच्या बाटल्यांचं भलंमोठं झाड उभं केलं. आतून दिवे लावले की अख्खं झाड हिरवंगार चमकायचं. फोटो शोधून बघाच.

त्यात माझ्यासारख्या माणसाला काय आवडलं सांगू? बाटल्या झिप टायने बांधल्या होत्या. झिप टाय म्हणजे वायरी बांधायची ती दातेरी प्लास्टिकची पट्टी. कात्रीने पट्टी कापली की बाटली सुटी, आणि बाटली होती तशीच्या तशी. चिकटवलेली असती तर ती सोडवायला कुणी बसलं असतं का?

आता हे आपल्या घराच्या मापात आणू.

कचरा सगळा सारखा नसतो

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी "टाकाऊतून टिकाऊ" केलंय. त्या शब्दांमुळे एक गैरसमज डोक्यात बसतो. तो असा, की "टाकाऊ" ही एकच गोष्ट आहे. प्रत्यक्षात घरातल्या कचऱ्याचे निदान तीन गट पडतात.

पहिला गट, ज्याला भाव आहे. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, रद्दी, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, दुधाच्या स्वच्छ पिशव्या. हे भंगारवाला घेतो, कचरावेचक वेचून घेतात. आपण फेकतो तेव्हा तो आपल्यासाठी कचरा असतो, पण पुढच्या माणसासाठी ती दिवसाची कमाई असते.

दुसरा गट, जो मातीत जातो. अंड्यांचे कागदी ट्रे, नारळाच्या करवंट्या, खराट्याचे हीर, वाळलेली पानं.

तिसरा गट, ज्याला कुणी वाली नाही. चिप्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स, शांपूच्या पुड्या. बहुतेक भंगारवाले हे घेत नाहीत. वजन नाही, भाव नाही, आणि वेगवेगळे थर एकमेकांना असे चिकटलेले की सुटे करणं परवडत नाही.

आता गंमत बघा. टाकाऊतल्या झाडांचे व्हिडिओ बहुतेक पहिल्या गटावर चालतात. बाटल्या, बाटल्या आणि बाटल्या! म्हणजे ज्या वस्तूला पुढे चांगलं आयुष्य होतं तीच आपण उचलतो, तिच्यावर गोंद, रंग, चमकी लावतो, आणि ती कायमची तिसऱ्या गटात टाकतो. आमच्या भागात येणाऱ्या भंगारवाल्या काकांना मी एकदा विचारलं होतं, "काका, रंगवलेल्या बाटल्या घेता का?" ते म्हणाले, "नको रे दादा, ते पुढे कोण घेत नाही. माझ्याच डोक्यावर बसतं."

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था आली. पुण्यात राहणाऱ्यांच्या दारात त्या ताई रोज येतात. सुक्या कचऱ्यातलं विकण्याजोगं सामान हा त्यांच्या उत्पन्नाचा भाग असतो. तेव्हा चाळीस बाटल्यांचं चमकी लावलेलं झाड म्हणजे त्यांच्या पिशवीतल्या चाळीस बाटल्या कमी. रक्कम छोटी वाटेल. पण "पर्यावरणासाठी" म्हणून केलेल्या कामाचा भुर्दंड नेमका त्यांनाच पडावा, हे काही बरोबर नाही.

बाटलीवर गोंद का नको?

इथे जरा तांत्रिक होऊ. पाण्याची बाटली पेट या प्लास्टिकची असते. तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो तो. रिसायकलिंगच्या कारखान्यात बाटल्यांचे तुकडे करून ते धुतात आणि पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. झाकण वेगळ्या हलक्या प्लास्टिकचं, ते तरंगतं. झाली वेगळी कामं! घरी बादलीत करून बघा, बाटलीचा छोटा तुकडा तळाला जाईल आणि झाकण वर राहील.

आता त्याच बाटलीला पीव्हीसीची झालर किंवा पीव्हीसीची चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर? पीव्हीसीसुद्धा पाण्यापेक्षा जड, आणि दोघांची घनता जवळजवळ सारखी. तेही पेटबरोबर बुडतं. पुढे पेट वितळवायला २५० अंश सेल्सिअसच्या वर तापमान न्यावं लागतं, आणि त्या तापमानाला पीव्हीसी जळून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. सगळा माल पिवळा पडतो, कमजोर होतो. अगदी थोडं पीव्हीसी पुष्कळ पेटची वाट लावतं.

ग्लू गनचं वेगळंच. पेट साधारण ७० ते ८० अंशाला मऊ पडायला लागतं. उकळतं पाणी ओतल्यावर बाटली आक्रसते ती त्यामुळेच. ग्लू गनमधला गोंद १२० अंशांच्या वरच असतो. म्हणजे बाटली वाकडी होते ती होते, वर गोंद तिथेच बसतो.

आणि चमकी, म्हणजे ग्लिटर. ती बहुतेक वेळा प्लास्टिकचाच बारीक चुरा असते. झाडू मारला, फरशी पुसली, की गटारात. युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंधनं आणली ती याच कारणाने. आपल्या झाडाला तिची गरजही नाहीये, ते आता कळेल.

मग झाड कशाचं?

तिसऱ्या गटाचं! चिप्सचं पाकीट उघडून उलटं करा. आत काय दिसतं? चांदी. प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवून हा थर तयार करतात. तो इतका पातळ असतो की आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. हवा, ओल आणि उजेड आत जाऊ नये, चिप्स कुरकुरीत राहाव्यात म्हणून तो असतो. बाजारात नाताळची चंदेरी झालर म्हणून जे विकतात ते दिसायला डिट्टो असंच. म्हणजे आपण पैसे देऊन झालर आणतो आणि तशीच चमक असलेली पाकिटं त्याच दिवशी डस्टबिनमध्ये टाकतो.

तर ठरलं असं. सांगाडा पहिल्या गटाचा, पण त्याला गोंद-रंग काहीही लावायचा नाही, कारण तो परत द्यायचाय. पानं तिसऱ्या गटाची. जोडणी फक्त सुतळी आणि स्टेपलरने.

सामान

- एक मीटर लांबीची जुनी झाडूची दांडी, किंवा कापड दुकानात तागाच्या आत असते ती पुठ्ठ्याची नळी. दुकानदाराला मागा, बरेच जण फुकट देतात.
- रंगाचा चार लिटरचा रिकामा डबा आणि तो भरायला वाळू किंवा दगड.
- ऑनलाइन डिलिव्हरीचे दोन-तीन मोठे पुठ्ठ्याचे खोके.
- चिप्सची मध्यम आकाराची १४ पाकिटं. दाट झाड हवं असेल तर २८.
- सुतळी, दाभण, कात्री, स्टेपलर, पेन्सिल, मोजपट्टी.
- चांदणीसाठी गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स.

एक विनंती. झाडासाठी चिप्स खाऊ नका! पाकिटं आधीच तयार होतायत, फक्त अडवायची आहेत. ऑफिसच्या पँट्रीत, हॉस्टेलच्या मजल्यावर, सोसायटीच्या ग्रुपवर सांगून ठेवा. आठवड्यात चौदाच्या जागी चाळीस जमतील.

मापाचं गणित

झाड म्हणजे शंकू. दांडीचे २० सेंटीमीटर डब्यातल्या वाळूत जातील, वर ८० उरतील. शेंड्यापासून जितके खाली याल त्याच्या ०.४ पट त्रिज्या ठेवायची, इतकाच नियम. दर १० सेंटीमीटरवर पुठ्ठ्याची एक चकती. खालून वर अशा सात चकत्या होतात:

- डब्याच्या काठापासून १० सेंमी उंचीवर: त्रिज्या २८ सेंमी, घेर १७६ सेंमी
- २० सेंमी उंचीवर: त्रिज्या २४, घेर १५१
- ३० सेंमी उंचीवर: त्रिज्या २०, घेर १२६
- ४० सेंमी उंचीवर: त्रिज्या १६, घेर १०१
- ५० सेंमी उंचीवर: त्रिज्या १२, घेर ७५
- ६० सेंमी उंचीवर: त्रिज्या ८, घेर ५०
- ७० सेंमी उंचीवर: त्रिज्या ४, घेर २५

घेरांची बेरीज ७०४ सेंमी, म्हणजे साधारण सात मीटर झालर लागणार. मध्यम पाकीट मागच्या जोडावर उघडून सपाट केलं की अंदाजे ३० सेंमी रुंद आणि २४ सेंमी उंच असा तुकडा मिळतो. तो आडवा मधोमध कापला की ३० सेंमी लांब आणि १२ सेंमी उंच अशा दोन पट्ट्या. म्हणजे एका पाकिटाची ६० सेंमी झालर. ७०४ भागिले ६०, साधारण १२ पाकिटं. दोन पाकिटं वायफळ जाण्यासाठी धरून १४. तुमची पाकिटं लहान-मोठी असतील तर याच पद्धतीने हिशोब बदला. लहान झाड हवं असेल तर ०.४ तोच ठेवा, फक्त उंची कमी करा, आकार बिघडणार नाही.

बांधायचं कसं

एक. पाकिटं साबणाच्या पाण्यात धुवा. ही पायरी गाळायची नाही. तेल आणि मसाला राहिला की दुसऱ्या दिवशी झाडावर मुंग्यांची रांग लागणार, लिहून घ्या. मग सावलीत कोरडी करा.

दोन. पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीला खालच्या बाजूने एक-एक सेंटीमीटरवर उभ्या चिरा द्या. वरचे तीन सेंटीमीटर अखंड राहू देत.

तीन. पुठ्ठ्याच्या चकत्या कापा. मधोमध दांडीच्या जाडीचं भोक. खालच्या दोन-तीन चकत्यांसाठी एवढा मोठा पुठ्ठा मिळत नाही, तेव्हा दोन अर्धे तुकडे पाच सेंटीमीटर एकमेकांवर चढवून दाभणाने सुतळीचे टाके घाला. चिकटवू नका.

चार. पट्टीचा वरचा दोन सेंटीमीटरचा काठ चकतीच्या कडेवर दुमडा, चंदेरी बाजू बाहेर, आणि स्टेपलर मारा. एका पट्टीला तीन पिना पुरतात. खाली १० सेंटीमीटर झालर लोंबेल, म्हणजे बरोबर पुढच्या चकतीपर्यंत.

पाच. डब्यात दांडी उभी धरून वाळू भरा आणि ठोकून घट्ट करा. चार लिटर वाळूचं वजन साधारण सहा किलो भरतं. वरचं सगळं झाड मिळून त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने किंवा मांजराने धक्का दिला म्हणून झाड आडवं होत नाही. वाळू विकत आणायची गरज नाही, दगड किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्याही चालतील, फक्त दांडी हलता कामा नये.

सहा. दांडीवर खुणा करा. सगळ्यात खालच्या खुणेवर सुतळीचे सात-आठ वेढे घट्ट गुंडाळून गाठ मारा. हा झाला थांबा. त्यावर मोठी चकती वरून सरकवून बसवा. मग पुढचा थांबा, पुढची चकती. असं शेंड्यापर्यंत.

सात. गोळ्यांच्या स्ट्रिप्स चांदणीच्या आकारात कापून वर सुतळीने बांधा. स्ट्रिपच्या कडा धारदार असतात, घरात लहान मुलं असतील तर हे काम मोठ्यांनी करायचं. आणि स्ट्रिपमध्ये एकही गोळी राहिलेली नाही हे दोनदा तपासा.

एका माणसाला तीन-चार तास लागतात. दोघं-तिघं असाल तर गप्पांमध्ये संध्याकाळी उरकतं.

पीजीत राहणाऱ्यांसाठी

तीन जणांच्या खोलीत एवढं झाड कुठे ठेवणार? मग भिंतीवरचं करा. खराट्याचे हीर घ्या, तीन-चार हिरांची जुडी सुतळीने बांधली की एक फांदी. सात फांद्या, लांबी वरच्या त्रिज्यांच्या दुप्पट: ५६, ४८, ४०, ३२, २४, १६ आणि ८ सेंटीमीटर. त्या एकाखाली एक, दोन्ही टोकांना सुतळी बांधून शिडीसारख्या जोडा, दोन्ही सुतळ्या वर एकत्र आणून खिळ्याला अडकवा. फांद्यांवर चंदेरी पट्ट्या लोंबत्या सोडा. एका बाजूचंच झाड, त्यामुळे पाच पाकिटांत भागतं. आणि घरी जाताना गुंडाळून बॅगेत!

दिवे: इथे मस्करी नाही

मेणबत्ती झाडावर किंवा झाडाजवळ अजिबात नाही. पुठ्ठा आणि प्लास्टिकचा पडदा दोन्ही झटकन पेट घेतात.

दिवाळीची जुनी बल्बची माळ, थेट सॉकेटला लावायची ती, तीही नको. एक तर जुने बल्ब गरम होतात. दुसरं, मघाशी अ‍ॅल्युमिनियमच्या झाडाचं सांगितलं ते आठवा. पाकिटाचा चंदेरी थर धातूचा आहे. माळेची वायर कुठे सोललेली असेल तर त्याच्याशी तिचा संबंध येऊ द्यायचा नाही.

मग काय वापरायचं? यूएसबीवर चालणारी ५ व्होल्टची एलईडी माळ. ती पॉवर बँकवरही चालते आणि हाताला गरम लागत नाही. तरी झोपताना आणि बाहेर जाताना बंद करायची. माळ चकत्यांच्या आतून, दांडीभोवती गुंडाळा. चंदेरी पट्ट्यांवरून उजेड परतून बाहेर येतो आणि चार पैशांची माळ दुप्पट दिसते.

विकत आणलेलं "टाकाऊ"

आता थोडं भांडण करतो. शाळांमध्ये, ऑफिसांमध्ये डिसेंबरात "बेस्ट आउट ऑफ वेस्ट" स्पर्धा असतात. मग काय होतं? आदल्या रात्री आई-बाबा स्टेशनरीच्या दुकानात जाऊन शंभर कोरे कागदी कप आणतात, आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणतात, आणि त्याचं झाड करतात. एका ऑफिसच्या स्पर्धेत तर कोऱ्या कपांच्या झाडाला बक्षीस मिळालेलं मी पाहिलंय. हे टाकाऊ नव्हतंच की! उलट नवीन कचरा तयार झाला. कागदी कपाच्या आत प्लास्टिकचा थर असतो, म्हणजे तोही सरळ रद्दीत जात नाही.

म्हणून काहीही उचलण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही वस्तू मी झाड केलं नसतं तरी कचऱ्यात गेली असती का? हिला भंगारात भाव आहे का, आणि असेल तर मी ती होती तशी परत देऊ शकतो का? आणि सण संपल्यावर झाड अर्ध्या तासात सुटं होईल का? पहिल्या आणि तिसऱ्याचं उत्तर "हो" हवं. दुसऱ्यात भाव असेल तर परत देता आलं पाहिजे.

आणखी एक. बर्फ दाखवायला थर्माकोल आणू नका. महाराष्ट्रात मार्च २०१८च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. गणपतीच्या मखरांचे विसर्जनानंतरचे ढीग ज्यांनी पाहिलेत त्यांना कारण सांगायला नको. बर्फ हवाच असेल तर जुन्या उशीतला कापूस आहे की.

६ जानेवारीचं काम

नाताळची सजावट उतरवायचा रिवाज अनेक ठिकाणी ६ जानेवारीचा आहे. तीन राजांचा सण तो. गोव्यात रेइश मागुशला त्या दिवशी मोठा उत्सव असतो. आपणही तोच दिवस धरू.

वरून चकत्या काढत या, सुतळीचे थांबे सोडवा. पुढच्या वर्षी हेच झाड लावायचं असेल तर चकत्या एकावर एक ठेवून सपाट खोक्यात घाला, सात चकत्या पलंगाखाली मावतात. माझं मत विचाराल तर हेच करा. नकली झाडाबद्दल 'कार्बन ट्रस्ट' या ब्रिटिश संस्थेचा हिशोब असा, की दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडाचा कार्बन भार सुमारे ४० किलो येतो, म्हणून ते दहा-बारा वर्षं तरी वापरायला हवं. आपलं झाड त्या मानाने काहीच नाही, पण नियम तोच: बनवलंय तर वापरा.

ठेवायचं नसेल तर पिना काढा. पुठ्ठा रद्दीत, डबा भंगारात, दांडी झाडूला, वाळू जिथून आणली तिथे. पाकिटं सुक्या कचऱ्यात. हो, शेवटी ती कचऱ्यातच जाणार आहेत. चंदेरी झाड केल्याने ती रिसायकल होण्याजोगी होत नाहीत, तसा दावा मी करणार नाही. फायदा एवढाच, की आपण नवी झालर घेतली नाही, चमकी घेतली नाही, आणि दुसऱ्याच्या उपयोगाचा माल खराब केला नाही. बाकी पाकिटांचा प्रश्न सोडवायचा तर तो पाकिटं बनवणाऱ्यांपर्यंत न्यावा लागेल. तो एका वेगळ्या भागाचा विषय आहे.

कॉलेजातली मुलं असाल तर एक गोष्ट नक्की करून बघा. झाड करायच्या आधी सोसायटीत किंवा हॉस्टेलवर कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना, दादांना विचारा, "ताई, यातलं तुम्हाला काय लागतं आणि काय नको?" पाच मिनिटांत जे कळेल ते कुठल्या व्हिडिओत नाही. जे "नको" म्हणतील त्याचं झाड करा. जे "लागतं" म्हणतील ते धुऊन, कोरडं करून त्यांच्या हातात द्या.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. झाड केलंत तर फोटो पाठवा, आणि जमलं तर दोन पाठवा, एक लावलेल्या झाडाचा आणि एक जानेवारीत सुट्या केलेल्या ढिगाचा. दुसरा फोटो पाठवणाऱ्याचं नाव पुढच्या भागात आधी घेईन. नाताळच्या सगळ्यांना शुभेच्छा, भेटू पुढच्या आठवड्यात!